रेंज

तिबिलिसीतल्या आमच्या हॉस्टेलच्या भिंती हातभर जाड,
कुठल्याशा राजवटीने धान्याच्या कोठारासाठी बांधलेल्या.
आत मोबाइलला रेंज नाही.
येते ती तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात,
खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात,
तीही खांदा काचेला टेकवला तर.

लढाई सुरू झाली त्या रविवारपासून
रात्री दोनला तिथे झावेन उभा असतो.
पावणेतीनला आयबेनिज.
दोघांचे भाऊ एकाच डोंगरावर आहेत,
दोन उतारांवर.

मी नानुली. चाव्या माझ्याकडे, चादरी माझ्याकडे,
कुणाच्या खोलीत दिवा किती वाजेपर्यंत
हा हिशेबही माझ्याचकडे.

प्राचार्य ओतारसाहेबांनी पत्रक काढलं, तीन भाषांत.
'करुणा' हा शब्द नऊ वेळा.
मोजला मी; रात्रपाळीला दुसरं काय असतं.
सकाळी त्यातल्या गावाच्या नावावर काट मारून
कुणी गावाचं दुसरं नाव लिहिलेलं.
दुपारी त्याच्यावरही काट.
संध्याकाळपर्यंत कागदाला भोक,
बरोबर गावाच्या जागी.
मी त्यावर कपडे धुण्याचं वेळापत्रक डकवलं.

गणिताच्या बाईंनी परीक्षा पुढे ढकलली.
झावेन त्यांच्या दारात उभा:
घ्या हो परीक्षा, डोक्यात भरायला दुसरं काहीतरी द्या.
पोरांनी अंगणात मेणबत्त्या लावल्या.
आयबेनिजने एक फुंकून विझवली,
माझा भाऊ जिवंत आहे, म्हणाली,
आणि तिथेच पायरीवर बसून
सांडलेलं मेण नखाने खरवडत राहिली.
चुकलं कुणाचंच नव्हतं.

मला भाषण जमत नाही.
समुद्राकडच्या लढाईतून माझ्या नवऱ्याचा
नुसता कोट परत आला, तेव्हा
धीर धर, धीर धर, म्हणत बायका आल्या.
तो कुठे धरायचा असतो, कुणी सांगितलं नाही.
एक बाई मात्र काही न बोलता
पोतंभर अक्रोड सोलत बसली माझ्या ओट्यावर.
तिची काळी पडलेली बोटं आठवतात मला,
नाव आठवत नाही.

म्हणून जिन्यात एक खुर्ची नेऊन ठेवली.
दुसऱ्या रात्री दुसरी.
समोरासमोर नाही, शहाणपण मिरवायचं नव्हतं मला.
दोन्हींची तोंडं खिडकीकडे,
मधून एक माणूस जाईल एवढी जागा.
गेलेला दिवा बदलला. थर्मास भरून ठेवला.

चार दिवस दोघांनी आपापल्या वेळा पाळल्या,
जणू कपडे धुण्याचंच वेळापत्रक.
पाचव्या रात्री झावेनला फोन लागेना.
सव्वादोन. अडीच. पावणेतीन.
ती आली, एक पायरी खाली थबकली.
तिची वेळ झाली म्हणून तो कोपऱ्यातून उठला
पण खाली गेला नाही,
दुसऱ्या खुर्चीत बसला, हातातला मुका फोन
उलटासुलटा करत.

मी खालच्या वळणावर चादरींच्या घड्या घालत होते.
एकच चादर, चारदा.

तिचा फोन वाजला. दोन शब्द बोलली, आणि रडली.
ते कसलं रडणं, मला कळेना.
त्यालाही कळलं नसावं.
मग ती जॉर्जियन बोलली,
पहिल्या वर्षाला शिकवतो ती, मोडकीतोडकी,
ज्या भाषेत दोघंही सारखेच चुकतात:
माझी उरलेली वेळ तू घे.

खुर्ची सरकल्याचा आवाज.
नंतर काच,
काचेला टेकलेला खांदा.

फोन लागला का, मी विचारलं नाही.
सकाळी थर्मास तसाच भरलेला, चहा गार.
एक खुर्ची वीतभर हललेली.
ती मी नीट लावली नाही,
झाडू तिच्या भोवतीने फिरवला.